पंजाखालची चटई

मुंगी पावणेसहा वर्षांची होती आणि गेली दोन वर्षं तिच्यापुढे एकच काम होतं, अस्वलाच्या पंजाला डोकं टेकवणं.

अस्वल लाकडाचं होतं. शहराबाहेरच्या खेळनगरीत ‘गडगड्या’ नावाची रुळांवरची गाडी होती. ती कण्हत कण्हत चढ चढायची, वरून जीव दिल्यासारखी कोसळायची आणि वाटेत एकदा आडवीही व्हायची. तिच्या दारात हे अस्वल एक पंजा पुढे करून उभं असे. पंजा जमिनीपासून बरोबर एकशे दहा सेंटिमीटरवर. डोकं टेकलं तर पोर पास, नाही टेकलं तर पुन्हा कधीतरी या.

मुंगीच्या आईचा या अस्वलावर फार जीव होता. ‘मला कुठं नको आहे? अस्वल हो म्हणू दे, लगेच बस,’ असं ती दोन वर्षं सांगत आली होती. नाही म्हणायचं काम अस्वलानं करायचं आणि वाईट वाटल्याचा चेहरा आईनं करायचा, अशी बिनबोभाट वाटणी होती. शिवाय ती अस्वलावर विसंबूनही नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मुंगीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. परवाची रेघ एकशे सातवर होती, अनवाणी. बुटांचा एक धरला तरी एकशे आठ. म्हणजे अजून चार महिने तरी झोप शाबूत होती.

म्हणूनच नणंदेनं ‘पडद्यामागची सफर’ची चार तिकिटं आणून टेबलावर टाकली, तेव्हा ती चक्क हसली.

“हसतेयस? तब्येत बरी आहे ना?” नणंद म्हणाली. “मला वाटलं आधी तिथल्या अग्निशमन नळकांड्यांची यादी मागशील.”

“ती आहे त्यांच्या वेबसाइटवर,” मुंगीची आई म्हणाली. “सत्तेचाळीस आहेत.”

नवऱ्यानं पेपरात तोंड घातलं. बहीण आणि बायको यांच्यामध्ये तो नेहमी पेपराएवढं अंतर ठेवून असायचा.

सफर सकाळी साडेआठला, नगरी उघडायच्या आधी सुरू झाली. सोबत आणखी दोन कुटुंबं होती. गाईड पंचविशीतली मुलगी होती. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाच्या जागी ‘आनंददूत’ असं लिहिलं होतं आणि तिचं हसू घरून निघतानाच बसवून आणल्यासारखं होतं. बोलताना, जिना उतरताना, बुटाची नाडी बांधतानाही ते हलत नव्हतं.

“आपल्याकडे काही शब्द वापरत नाहीत बरं का,” आनंददूत म्हणाली. “रांग म्हणायचं नाही, उत्सुकतेची वाट म्हणायचं. कचराकुंडी नाही, निरोपाची पेटी. आणि समस्या हा शब्द तर इथं कुणाला माहीतच नाही.”

“मग समस्या आली की काय म्हणता?” मुंगीच्या आईनं विचारलं.

“उत्तम प्रश्न,” आनंददूत म्हणाली. “तो आपण शेवटी घेऊ.”

नणंदेनं भावाला कोपरानं ढोसलं. “एक,” ती कुजबुजली. वहिनीचे प्रश्न ती मोजणार होती.

पडद्यामागे निघालेल्या गोष्टी मात्र बघण्यासारख्या होत्या. बर्फाचा डोंगर आतून पोकळ होता आणि त्यात जुन्या खुर्च्या रचल्या होत्या. पुराणवृक्षाच्या ढोलीत वॉशिंग मशीन होतं आणि त्यात चेटकिणीचे झगे गरगरत होते. एका खोलीत रानटी प्राण्यांची डोकी मांडणीवर ओळीनं वाळत घातली होती, कुबट वास घालवायला प्रत्येकाच्या नाकात कापराची वडी. मुंगीनं वाघाच्या नाकात बोट घालून पाहिलं आणि शिंकली. सगळ्यात भारी होती किंचाळ्यांची खोली. गडगड्यात माणसं कमी असली की बाहेरच्यांचा उत्साह मावळतो, म्हणून इथून ध्वनिमुद्रित किंचाळ्या सोडल्या जायच्या.

“म्हणजे गाडी रिकामी, पण भीती भरलेली,” नवरा म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश झाला.

मुंगीच्या आईला यातलं काही खटकलं नाही. खोटा डोंगर खोटाच असणार. तिची नजर दुसरीकडे होती, खिळे, कठडे, दारांच्या कड्या. आणि खरं सांगायचं तर सगळं जागच्या जागी होतं. प्रत्येक भिंतीवर तक्ता होता, प्रत्येक तक्त्यावर त्या दिवशीची सही होती. हळूहळू तिनं तक्ते वाचायचं सोडून दिलं. उगाच आपण पोरीचा जीव खातो, असं तिला क्षणभर वाटूनही गेलं.

मग सगळे गडगड्याच्या दारात आले.

अस्वल नव्या रंगात चमकत होतं. त्याच्यापुढे जाडजूड हिरवी रबरी चटई अंथरली होती. मागच्या वेळी ती नव्हती.

“ही यंदाची सुधारणा,” आनंददूत म्हणाली. “फरशी गुळगुळीत आहे, मापासाठी टाचा जुळवताना एक मूल घसरलं होतं. म्हणून सुरक्षा विभागानं ही चटई घातली. अडीच सेंटिमीटर जाड, आयात केलेली, प्रमाणपत्रासकट. आणि तुम्ही अगदी वेळेवर आलात, रोजची अस्वलतपासणी आत्ताच होणार आहे.”

तपासनीस आले. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा गणवेश, कमरेला पोलादी टेप, काखेत वही. त्यांनी पाहुण्यांकडे पाहून मान लववली. खाली वाकून चटईची एक कड उचलली आणि सगळी चटई सुबक गुंडाळून बाजूला ठेवली. उघड्या फरशीवर टेपचं टोक टेकवलं, दुसरं पंजाच्या खालच्या कडेला लावलं.

“एकशे दहा,” ते मोठ्यानं म्हणाले, वहीत लिहिलं, सही केली. मग चटई परत उलगडली, चारी कोपरे हातानं दाबून बसवले आणि मागे सरकून उभे राहिले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेनं शिटीसुद्धा वाजवली. मुंगीच्या आईचे हात अर्ध्यात थांबले.

तेवढ्यात मुंगी सटकन पुढे झाली, चटईवर चढली, टाचा जुळवल्या आणि श्वास रोखून ताठ उभी राहिली. पंजा तिच्या केसांत रुतला.

“टेकलं,” मुंगी डोकं न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. “आई, बघ. टेकलं.”

नवऱ्यानं फोटो काढला. नणंदेनं तिला उचलून गिरकी घेतली. दोन वर्षांची दूधबिस्किटं, खिडकीच्या गजाला लोंबकळणं, रात्री पाय ताणून झोपणं, सगळं फळाला आलं होतं. मुंगीच्या आईनं मात्र मनातल्या मनात बेरीज केली. एकशे सात, अधिक बुटांचा एक, अधिक चटईचे अडीच.

“एक विचारू?” ती तपासनीसांना म्हणाली.

“दोन,” नणंद म्हणाली.

“तुम्ही चटई काढून माप घेतलंत.”

“नियमात फरशीपासून असं आहे, बाई.”

“पण मुलं चटईवर उभी राहतात.”

“राहणारच. फरशी गुळगुळीत आहे.”

“मग पंजा मुलांच्या पायांपासून एकशे दहावर नाही ना. एकशे साडेसातवर आहे.”

तपासनीसांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. “हे बघा, पंजा आमच्याकडे. चटई सुरक्षा विभागाकडे. पंजा बरोबर आहे, मी रोज मोजतो. चटई बरोबर आहे, ते रोज मोजतात. दोन्ही बरोबर असताना चूक कुठून येणार?”

“दोन्ही एकत्र कोण मोजतं?”

“एकत्र मोजायचा विभाग नाही,” ते म्हणाले आणि वही मिटली.

“फार छान निरीक्षण,” आनंददूत मध्ये पडली. “शेवटी अभिप्रायाचा कागद मिळेल, त्यात जरूर लिहा. आता आपण कार्यशाळेकडे जाऊ, आणि तिथून गडगड्याची पहिली फेरी, फक्त आपल्यासाठी.”

वाटेत नवरा मागे रेंगाळला. “अगं, अडीच सेंटिमीटरसाठी कशाला नाट लावतेस? पोर किती खूश आहे बघ.”

“मी काही लावलेलं नाही. त्यांनी लावली आहे. चटई.”

“वहिनी,” नणंद मागे वळून म्हणाली, “तू ना, स्वर्गात गेलीस तरी आधी ढग किती वजन पेलतात ते विचारशील.”

“विचारीन. पोरीला घेऊन गेले असेन तर.”

कार्यशाळेत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास होता. सुतारकाका हत्तीच्या कानाला बिजागरी बसवत होते. त्यांच्या मागे बाकावर चार बाहुले ओळीनं बसले होते, रबरी अंगाचे, नाकडोळे नसलेले. रोज सकाळी रिकाम्या गडगड्यात आधी यांना बसवून फेरी मारतात, असं आनंददूतनं सांगितलं. थोरला बाहुला जाड्या माणसाएवढा, धाकटा मुलाएवढा.

“हा धाकटा म्हणजे एकशे दहा का?” मुंगीच्या आईनं विचारलं.

“बरोबर एकशे दहा,” सुतारकाका म्हणाले. “गाडीतला दांडा याच्या मांडीवर चपखल बसतो. याच्याहून बुटकं असलं की दांडा मांडीवर न बसता पोटावर येतो, आणि गाडी आडवी झाली की...” त्यांनी ओल्या साबणासारखा एक हात दुसऱ्या मुठीतून सटकवून दाखवला. मग मुंगी ऐकतेय हे लक्षात येऊन तोच हात कान खाजवायला नेला.

मुंगी बाहुल्याकडे टक लावून पाहत होती. “मी याच्याएवढी झाले,” ती म्हणाली. “अस्वल म्हणालं.”

“हो का? मग ये, पाठीला पाठ लावू.” काकांनी धाकट्याला उचलून उघड्या जमिनीवर उभा केला. मुंगीनं पाठ टेकवली आणि मान ताणली. काकांनी बाहुल्याच्या डोक्यावर फळी टेकवून ती मुंगीच्या डोक्यावर सपाट धरली. मुंगीच्या डोक्याला ती लागली नाही. मुंगीनं हात वर करून फळी आणि आपलं डोकं यांच्यामधली फट चाचपली. त्यात तिची दोन बोटं आरामात गेली.

“हा मोठाय,” ती म्हणाली.

“काका, चटईचं तुम्हाला माहीत होतं?” मुंगीच्या आईनं हळूच विचारलं.

सुतारकाकांनी भिंतीशी टेकवलेला एक लाकडी पाट पायानं पुढे ओढला. अस्वलाच्या दोन पावलांच्या आकाराच्या खाचा त्यात कोरलेल्या होत्या. “अडीच सेंटिमीटर. अस्वलाच्या पायाखाली सरकवायचा, पंजा वर. तीन महिने झाले तयार आहे. तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर, अस्वलात दोष आढळला नाही.” मग ते थोडं थांबून म्हणाले, “गेल्या महिन्यात मला सर्वांत हसऱ्या कर्मचाऱ्याचं पदक दिलं. मला वाटलं त्यासोबत तरी मंजुरी येईल.”

आनंददूत घड्याळाकडे पाहत होती. हसू तिथंच होतं, पण त्याची एक बाजू किंचित खाली आली होती.

गडगड्याच्या फलाटावर गाडी तयार उभी होती. किंचाळ्यांच्या खोलीतून चाचणीसाठी दोन किंचाळ्या सोडून झाल्या. आनंददूतनं प्रत्येक पालकाच्या हातात एकेक कागद आणि पेन दिलं. “फक्त सही. वाचायची गरज नाही, सगळे सहीच करतात.”

बाकीच्या दोन कुटुंबांनी सह्या ठोकल्या. त्यांची मुलं चांगली दहाबारा वर्षांची होती. मुंगीच्या आईनं मात्र वाचायला सुरुवात केली. नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला.

“दोन बोटं गं, वहिनी. मी तिला घट्ट धरून बसते. तिचं दोन वर्षांचं स्वप्न आहे. तिला आयुष्यभर आठवेल की सगळे बसले आणि आईनं तिला खाली ठेवलं.”

हे मात्र वर्मी लागलं. कारण मुंगी मधेच उभी होती आणि कुणाकडेच पाहत नव्हती, फक्त गाडीकडे पाहत होती. आता अस्वल नव्हतं मध्ये. नाही म्हणायचं तर स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं, आणि दोन वर्षं दिलेल्या शब्दावर स्वतःच पाणी ओतायचं होतं.

“सातवं कलम वाचा,” मुंगीच्या आईनं कागद नवऱ्यापुढे धरला. “मोठ्यानं.”

नवऱ्यानं घसा साफ केला. “‘अस्वल हे केवळ सजावटीसाठी असून पाल्याच्या उंचीची खात्री पालकांनी स्वतः करून घेतली आहे व त्याबाबतची सर्व जबाबदारी खाली सही करणाऱ्याची...’” त्याचा आवाज वाक्याच्या शेवटापर्यंत पोचला नाही.

“आता तुमची खात्री असेल तर करा सही. माझी नाही. आणि ज्यांना तिला घट्ट धरून बसायचंय त्यांनीही करावी. शेजारी जागा आहे.”

पेन आधी नवऱ्याच्या हातात होतं, मग नणंदेच्या. नणंदेनं टोपण काढलं, सातवं कलम मनातल्या मनात वाचलं, टोपण परत लावलं. “माझं अक्षर खराब आहे,” ती म्हणाली.

मुंगीची आई गुडघ्यांवर बसली, मुंगीच्या डोळ्यांच्या पातळीवर. “आज नाही बसायचं,” ती म्हणाली. “हे अस्वल नाही म्हणत. मी म्हणतेय.”

“तू म्हणाली होतीस अस्वल हो म्हणालं की लगेच.”

“म्हणाले होते. चुकलं माझं. अस्वलाला काही कळत नाही, त्याला ठेवलंय तसं उभं आहे.”

मुंगीचा खालचा ओठ बाहेर आला. ती रडली नाही. ती वळली आणि फलाटाचा जिना धडाधडा उतरून दाराकडे पळाली. आई तिच्या मागे.

एव्हाना नगरी उघडली होती. उत्सुकतेच्या वाटेवर चाळीसेक माणसं उत्सुक उभी होती आणि चटईवर एका गुटगुटीत मुलाचं डोकं पंजाला लागलेलं होतं. मुंगीनं चटईची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मुलगा टुणकन उडी मारून फरशीवर उतरला. पंजा त्याच्या डोक्यावर अधांतरी राहिला.

“आता उभा राहा,” मुंगी म्हणाली.

तो राहिला. मधे दोन बोटं फट.

रांगेत त्याच्या मागे उभी असलेली एक बाई आधी मुंगीवर डाफरली, मग फटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या मुलीला पुढे ओढून फरशीवर उभं करून पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, “चटई टाका की राव, उशीर होतोय.” दुसरं कुणी म्हणालं, “गप्प बसा हो, तुमचं पोर बसणार आहे का?” रांग पाहता पाहता रांगच झाली, उत्सुकता वगैरे राहिली नाही. मुंगीच्या आईनं चटई गुंडाळून काखेत मारली. ती चांगलीच जड होती.

तपासनीस धावत आले. “चटई ठेवा खाली. चटईशिवाय दार उघडं ठेवणं हा सुरक्षेचा भंग आहे.”

“पंजा वर करा, ठेवते.”

आनंददूतनं आयुष्यात पहिल्यांदाच, निदान त्या नोकरीत पहिल्यांदाच, हसू उतरवलं. त्याखालचा चेहरा चांगला होता, थकलेला. तिनं कमरेचा वॉकीटॉकी काढला. “कार्यशाळा? समस्या आहे,” ती म्हणाली. “काका, पाट घेऊन या.”

सुतारकाका पाच मिनिटांत पाट घेऊन हजर झाले. तीन महिने थांबलेलं काम दोन मिनिटांत झालं. अस्वल उचललं, पाट सरकवला, पावलं खाचांत बसली. मुंगीच्या आईनं चटई खाली अंथरली आणि चारी कोपरे दाबले. रांगेतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी कपाळाला आठ्या घातल्या.

तपासनीस मात्र जागचे हलले नाहीत. अस्वलाला हात लागला होता, म्हणजे फेरतपासणी आली. त्यांनी चटई परत गुंडाळली. टेपचं टोक फरशीला टेकवलं, दुसरं पंजाला.

“एकशे साडेबारा,” ते म्हणाले. त्यांनी टेप पुसला, पुन्हा लावला. “एकशे साडेबारा. अस्वल नापास.”

“अहो, आता ते बरोबर आहे,” सुतारकाका म्हणाले.

“बरोबर असेल. नियमात बसत नाही. नियम बदलेपर्यंत गडगड्या बंद.” आणि त्यांनी खिशातून पाटी काढून पंजाला लटकवली. पाटीवर हसऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आज आम्ही तुमच्यासाठी विश्रांती घेत आहोत.’

नणंदेनं पाटी दोनदा वाचली. तिकिटांवर ‘पहिली फेरी’ ठळक छापलेलं होतं.

मुंगी आईजवळ आली. ओठ अजून बाहेरच होता, पण डोक्यात हिशेब चालू होता. “म्हणजे आज कुणीच बसणार नाही?”

“कुणीच नाही.”

“तो मुलगापण?”

“तोपण नाही.”

“आत्यापण?”

“आत्यापण.”

मुंगीनं यावर बराच विचार केला. ओठ आत गेला. “मग ठीक आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, आईचा हात न धरता, “पण मी अजून रागावलेली आहे.”

“माहितेय,” आई म्हणाली.

जाताना आनंददूतनं अभिप्रायाचा कागद दिला. त्यावर चार गोल चेहरे होते, आनंदी, खूप आनंदी, अतिआनंदी आणि भारावलेला. त्यांतल्या एकाला खूण करायची होती. मुंगीनं पेन घेतलं आणि चौघांची तोंडं, जीभ बाहेर काढून, फार मन लावून, एकेक करून खाली वळवली.